गडावरची हजेरी

आमच्याकडे आलेला पाहुणा जायला निघाला, की दारात उभे राहून सगळे एकदम विचारतात, "काही राहिलं नाही ना?" पाहुणा खिसे चाचपतो, चष्मा, चार्जर, कवळी, गुडघ्याचा पट्टा अशी मनातल्या मनात मोजदाद करतो. तरीही त्याची बायको एकदा आत जाऊन न्हाणीघरातल्या खुंटीवरचा पंचा घेऊनच येते. वीस रुपयांचा रुमाल राहिला म्हणून वडखळ नाक्यावरून रिक्षा माघारी फिरवणारे नातेवाईक मला आहेत. इतकी दक्ष जमात गडावर गेली, की तिला काय होतं कोण जाणे. पाण्याच्या बाटल्या राहतात, वेफर्सच्या पुड्या राहतात, एका पायातली चप्पल राहते, आणि दारात उभं राहून विचारायला कुणी नसतं. गडाला दार असतं, पण ते पडलेलं असतं.

हे ज्ञान मला झालं तेव्हा मी अवचितगडाच्या बालेकिल्ल्यावर, हातात गोणपाट घेऊन, कमरेत वाकलेला होतो. मी पेणचा. निवृत्त झालो तेव्हा "आता चालत जा" असं डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. गोणपाट घेऊन चालत जा असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याचं श्रेय माझ्या भाचीला, केतकीला, आणि थोडं नातवाच्या किल्ल्याला.

नातू चिन्मय, इयत्ता चौथी, दिवाळीला आजोळी येतो. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये माती मिळत नाही, म्हणून वर्षभराची हौस तो पेणच्या अंगणात फेडून घेतो. यंदा त्याने तीन दिवस खपून तुळशीजवळ किल्ला केला. पेणमध्ये मातीचं काम करायचं म्हटलं तर सल्लागारांची वाण नाही. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आली, दोन कारागीर चहाच्या सुट्टीत हात लावून गेले, आणि बुरूज असे गुळगुळीत झाले की फक्त सोंड लावायची राहिली.

मग अळीव उगवले, मावळे चढले, महाराज सिंहासनावर बसले आणि राज्याचे कायदे जाहीर झाले. चप्पल घालून दोन हातांच्या आत यायचं नाही. बुरुजाला बोट लावायचं नाही. मांजराने तटावरून चालायचं नाही. आणि हे मांजराला समजावून सांगायची जबाबदारी आजीची. झाडताना केरसुणीचं टोक पायथ्याला लागलं म्हणून आजीची रीतसर चौकशी झाली. "सासूबाई गेल्यापासून या घरात इतका धाक कुणाचा नव्हता," असं ती आत येऊन मला हळूच म्हणाली. आमचे जावई अभिजितराव फोनवर बोलता बोलता चकलीचा उरलेला तुकडा बुरुजावर ठेवून मोकळे झाले, तेव्हा तर चिन्मय असा किंचाळला की तुकडा बिनबोभाट जावयांच्या तोंडात परत गेला. "बाबा, गडावर खाऊ टाकायचा नसतो!"

हे वाक्य भाऊबीजेला आलेल्या केतकीने ऐकलं. ती पनवेलला कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते आणि सुट्टीत डोंगर साफ करते. आमच्या पिढीत सुट्टीत माळा साफ करत असत. जागा उंच हवी, हे दोन्हीत समान. "मामा, रविवारी अवचितगड. सगळ्यांनी यायचं," ती म्हणाली. "चिन्मयचे कायदे घेऊन."

रात्री तिचा संदेश आला. त्यात सतरा सूचना होत्या. लग्नाची याद करतानासुद्धा आमच्याकडे इतक्या अटी निघत नाहीत. फराळ डब्यात आणावा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. पाणी घरच्या बाटलीत. अत्तर, सेंट लावू नये. भडक कपडे नकोत. पायवाट सोडून चालू नये. काडेपेटी आणू नये. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'जे वर न्याल ते सगळं खाली आणाल.' यावर अभिजितरावांनी 'गुडघेसुद्धा का?' असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. केतकीने उत्तर दिलं, 'हो.'

रविवारी पहाटे पेण स्टेशनावर आम्ही सहा जण जमलो. पेणच्या पोह्यांच्या चिवड्याचे दोन डबे, तीन गोणपाट आणि हातमोजे एवढं सामान केतकीकडे. अभिजितरावांच्या सॅकला बाहेरून एक वाटोळा स्पीकर लटकत होता. तो पाहून केतकीने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे पाहिलं, बायकोने रुळांकडे पाहिलं. जावयाला टोकायची आमच्यात रीत नाही. ज्याला अधिक महिन्यात तेहेतीस अनारसे मोजून वाण दिलं, त्याला डोंगरावर "आवाज कमी करा" म्हणायचं कसं?

कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला पोचली. कोकण रेल्वे जिथून सुरू होते तिथे आमचा प्रवास संपला. पुढे मिनीडोअरने पिंगळसई. तिथे वाडीवरचे एक बाबा आमच्याबरोबर वाट दाखवायला आले. आमच्या पाठीवर सॅक, कमरेला पाऊच, हातात काठ्या, गळ्यात कॅमेरा. बाबांच्या कमरेला एक कोयता आणि कानावर एक विडी, तीही न पेटवलेली. एवढ्या ऐवजावर त्या माणसाचं सगळं आयुष्य डोंगरात गेलं होतं. त्यांच्या हातून कचरा होणं शक्यच नव्हतं, कारण त्यासाठी लागणारं भांडवलच त्यांच्याकडे नव्हतं.

अवचितगड जेमतेम हजार फुटांचा. आकड्यावर जाऊ नये. भोवती रान असं दाट, की किल्ला दिसतच नाही. चढता चढता माणूस आशा सोडतो आणि मग तटबंदी एकदम पुढ्यात येते. नाव ठेवणाऱ्याने बहुधा धापा टाकतच ठेवलं असावं. मात्र वाट चुकायची भीती आता उरलेली नाही. पूर्वी वाटेवर दगडांची रास रचून खूण करत. आता दर पन्नास पावलांवर एक चकचकीत पुडी पडलेली असते. पिवळी पुडी दिसली की डावीकडे, हिरवी दिसली की उजवीकडे. ज्याने हा मार्ग आखला त्याची भूक जबरदस्त असणार.

चढताना मी एक अभ्यास केला. गडावर जाणारा प्रत्येक माणूस तिथे आपली हजेरी लावून येऊ पाहतो, फक्त रीत निराळी. पहिला प्रकार तोंडी हजेरीवाल्यांचा. हे दर वळणावर आरोळी देतात आणि डोंगराने 'ओ' द्यावी म्हणून थांबतात. दुसरे चित्रांकित हजेरीवाले. यांना गड दिसतच नाही, कारण ते कायम गडाकडे पाठ करून उभे असतात. कड्याच्या टोकावर, निसरड्या दगडावर, तोफेवर, वेळप्रसंगी देवळाच्या कळसावर चढून हे स्वतःचा फोटो काढतात आणि खाली 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहितात. तिसरे दक्षिणा ठेवणारे. ते येतील तिथे बाटली, पुडी, टिशू पेपर असं काहीबाही ठेवून जातात. आणि चौथे लेखी हजेरीवाले. यांच्याविषयी मी पुढे सांगेन. तिथे मला थोडं जपून बोलावं लागणार आहे.

अभिजितराव पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात एकाच वेळी मोडत होते. वाट चढणीला लागताच त्यांनी स्पीकर चालू केला. गाणं असं होतं की पुढचं अर्धं रान आधीच रिकामं झालं. केतकीचा चेहरा पाहवेना. एवढ्यात बाबा थांबले, मान वर करून समोरच्या कड्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, "त्याला आवडत नाय."

"कुणाला?" अभिजितरावांनी विचारलं.

बाबांनी कोयत्याने दाखवलं. कड्याच्या पोटाला परातीएवढं आग्या मोहोळ लटकत होतं आणि त्याच्या अंगावरून काळी लाट सरकल्यासारखी दिसत होती. धूर, भडक वास आणि गोंगाट यांनी ही मंडळी उठतात. गडागडांवर माणसांना पळता भुई थोडी करतात. अभिजितरावांनी स्पीकर बंद केला, सॅकमध्ये कोंबला, वर टॉवेल गुंडाळला, आणि परतीच्या वाटेवर ते स्वतःसुद्धा कुजबुजतच बोलत होते. जे सासऱ्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते मोहोळाने काही न बोलता केलं.

आवाज थांबला तेव्हा कळलं की रान मुळीच शांत नव्हतं. ते आपलं आपलं बोलत होतं, फक्त आम्ही मध्येच तोंड घातलं होतं.

पुढे बायकोला एक रोपटं आवडलं. तिला कुठलंही रोपटं आवडतं, आणि "मुळासकट घेऊ या, कुंडीत लावू" हे तिचं पुढचं वाक्य असतं. केतकीने तोंड उघडायच्या आत बाबांनीच विचारलं, "शेवळं खाता ना, आई?" खातो तर! मृगाचा पाऊस पडला की पेणच्या बाजारात वाडीवरच्या बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडांची मूठ देतात, कारण ती आंबट फळं भाजीत पडली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस जेवण सोडून नाचतो. बाबा म्हणाले, "आम्ही वरचा कोंबच काढतो. कांदा भुईतच ठेवतो. कांदा उपटला तर तुम्ही पुढच्या साली काय खाणार?" बायकोने हात मागे घेतला. केतकीच्या सतरा सूचनांचा सारांश त्या माणसाने एका भाजीत सांगितला होता.

शेवटी अवचित गड आला. बाबांनी सवयीने दरवाजातच पायताणं काढली. आतमध्ये खडकात एकापुढे एक खोदलेली सात टाकी आहेत, आणि बालेकिल्ल्यात बारा बाजूंचा एक देखणा हौद आहे. बारा बाजू का, हे मला कळत नाही. माझ्या घरातल्या पाण्याच्या टाकीला चारच बाजू आहेत आणि त्यातल्या दोन गळतात. हा हौद मात्र अजून पाणी धरून आहे. त्याच्या काठावर एक पोरगा चिखलाचे बूट धुवायला बसला होता. केतकीने त्याला विचारलं, "दादा, घरी पिण्याच्या पिंपात बूट धुता का?" तो म्हणाला, "इथे कोण पितं?" तेवढ्यात एक माकड त्याच्या पलीकडे येऊन, वाकून, पाणी प्यायलं. मग तटावर बसून त्याने आमच्या दिशेने असं पाहिलं, की पोरगा बूट हातात घेऊन अनवाणी निघून गेला.

आम्ही चिवड्याचे डबे उघडले. मी सोबत एक संत्रं आणलं होतं. ते सोलून साल सहज दरीकडे भिरकावणार, तोच केतकीचा हात आडवा आला.

"अगं, साल कुजतं की. निसर्गातलं निसर्गात."

"मामा, संत्रं नागपूरचं. या निसर्गातलं नाही. आणि कुजायला महिने लागतात. तुमच्या दिवाणखान्यात कुजवाल?" शिवाय, ती म्हणाली, माणसाच्या खाण्याची सवय लागली की माकडं रानातलं शोधायचं सोडतात आणि पिशव्या हिसकायला शिकतात. मी साल डब्यात टाकलं. उरलेल्या चिवड्याला संत्र्याचा वास लागला. तो प्रकार पुढे घरात 'नागपुरी चिवडा' म्हणून खपला.

मग तिने आम्हाला बसवून आज्ञापत्राची गोष्ट सांगितली. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेला हा राज्यकारभाराचा ग्रंथ. त्यात गड कसे राखावेत याचं एक प्रकरण आहे, आणि त्यात तोफा, दारूगोळा, तट यांच्या बरोबरीने केरकचरासुद्धा आहे. वाटांवर, बाजारात, तटाला लागून केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली ढकलू नये. जागच्या जागी जाळावा, आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करावा. ज्या काळात औरंगजेबाशी सत्तावीस वर्षं झुंजून राज्य नुकतंच सावरत होतं, त्या काळात अमात्यांना गडावरच्या केराची काळजी होती. आपण आता कुणाशीही झुंजत नाही, तरी आपल्याला वेळ नाही.

"म्हणजे जाळायला हरकत नाही," अभिजितराव कुजबुजत म्हणाले आणि पुड्यांच्या ढिगाकडे पाहू लागले.

"अमात्यांच्या काळात केर म्हणजे पालापाचोळा," केतकी म्हणाली. "प्लास्टिकच्या राखेवर लावलेली मेथी तुम्ही खाणार का?" शिवाय दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, एक ठिणगी पडली तर वणवा आपल्याआधी पायथ्याला पोचतो.

मग आम्ही वेचायला लागलो. तासाभरात बाटल्या, पुड्या, पत्रावळी, एक कंगवा, डाव्या पायाच्या दोन चपला, उजव्या पायाची एकही नाही. दोन डावे पाय असलेला माणूस गड उतरला कसा, यावर चिन्मयने बराच विचार केला. सगळ्यात तळाला एक पत्र्याची पाटी सापडली, 'येथे कचरा टाकू नये'. ती मोडून कचऱ्यात पडली होती. आम्ही तीही गोणपाटात टाकली. तिची आज्ञा पाळायची तर दुसरा इलाज नव्हता.

कर्नाळ्याच्या अभयारण्यात एक चांगली युक्ती आहे. दरवाजात पिशव्या बघतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत ठेवून घेतात. परत येताना तेवढ्या वस्तू दाखवल्या की पैसे परत. मराठी माणसाची नस अचूक पकडणारी ही योजना आहे. निसर्गावर आपलं प्रेम आहेच, पण अनामतीवर जास्त आहे. पैसे अडकले म्हटल्यावर दरीत उतरून बाटली वर काढणारे गृहस्थ निघतील. प्रत्येक गडाला एक दरवाजा आणि दरवाजात एक अनामत, एवढं केलं तर स्वच्छता मोहिमेची गरज उरणार नाही. तोवर सुट्टीच्या दिवशी खपणारी तरुण मुलं आहेत म्हणून चाललं आहे. पलीकडे खांबजवळच्या सुरगडावर दुर्गवीर प्रतिष्ठानची मुलं अशीच घाम गाळत आली आहेत. आमच्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. अवचितगड त्या यादीत नाही. यादीत नसलेल्या गडाला जगातलं कुणी विचारत नाही. त्याला फक्त रोहेकर, पेणकर आणि गोणपाटवाले.

आता चौथ्या प्रकाराकडे येतो.

दक्षिणेकडच्या बुरुजाजवळ एक शिलालेख आहे, शके १७१८ चा, म्हणजे इसवी सन १७९६. सुरुवातीला गणेशाला नमस्कार, मग शक, संवत्सर, तिथी. तो दाखवून केतकी म्हणाली, "लिहिणाऱ्याने आधी देवाचं नाव घातलं, मग काळाचं. आणि आता हे बघा!" शेजारच्या दगडांवर चुन्याने, रंगाने, कोळशाने बदाम होते, बाण होते, आणि महाराष्ट्रातल्या तमाम प्रेमिकांची आद्याक्षरं होती. यातली निम्मी लग्नं झाली नसणार आणि उरलेल्या निम्म्यांना आता पश्चात्ताप होत असणार, पण दगड कुणाचीच सोडचिठ्ठी मानत नाही. "केंद्राच्या कायद्यात," केतकी म्हणाली, "संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे."

"बरोबर आहे! फटके मारले पाहिजेत!" मी म्हणालो. माझा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठाच निघाला.

तेवढ्यात टाक्यांच्या बाजूने चिन्मयची हाक आली. "आजोबा! इथे तुमचं नाव आहे!"

गडावर सुरेश नावाचे अनेक जण येऊन गेले असतील, असं मी चालता चालता म्हणून ठेवलं. पण कपारीत, जिथे पावसाचा थेंब शिरत नाही अशा कोरड्या कातळावर, फिकटलेल्या तांबड्या रंगात, सुरेख वळणदार अक्षरांत जे लिहिलं होतं ते दुसऱ्या सुरेशला लागू पडणं कठीण होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली, 'इयत्ता ९ वी ब, ह. क्र. २३, मु. पो. पेण, जि. कुलाबा. अवचीतगड सहल १९८०.'

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबासुद्धा.

गुन्हेगार आपल्यामागे पुरावा ठेवतो हे मी ऐकलं होतं. पण हजेरी क्रमांकासकट पुरावा ठेवणारा गुन्हेगार पोलिसांच्या दप्तरी दुसरा नसेल. झालं असं होतं, की त्या वर्षी मे महिन्यात मी गणपतीच्या कारखान्यात हाताखाली होतो. डोळ्यांची आखणी हे मोठ्या कारागिरांचं काम. आम्हा पोरांकडे उंदीर. दोनशे उंदीर रंगवल्यावर हात असा बसतो की माणसाला अक्षराची गुर्मी येते. कारखान्याच्या पाटीसाठी आणलेल्या तांबड्या ऑइलपेंटचा उरलेला डबा मी सहलीला दप्तरातून नेला होता. म्हणजे उत्साहाच्या भरात घडलं असंही म्हणायची सोय नाही. कट आधीपासून शिजला होता. तेव्हा रोह्याला रेल्वे नव्हती, ती १९८६ची. रंगाचा डबा मांडीवर धरून मी एसटीने गेलो होतो, आणि आमचे गुरुजी दरवाजापाशी भाकरी सोडून बसले असताना मी इतिहासात शिरलो होतो.

"आजोबा, 'अवचीत'मधला 'चि' ऱ्हस्व असतो ना?" चिन्मय म्हणाला. बायकोला एवढं हसू आलं की तिने तटाला टेकून घेतलं.

मी बचावाचा प्रयत्न केला. "केतकी, हे बघ, जिल्हा कुलाबा लिहिलंय. कुलाब्याचं रायगड झालं १ जानेवारी १९८१ला. म्हणजे लेख त्याआधीचा, हे अंतर्गत पुराव्याने सिद्ध होतं. हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे!"

"त्या कायद्यात प्राचीन ठरायला शंभर वर्षं लागतात, मामा. अजून पंचावन्न बाकी आहेत."

मी खाली बसलो, दगड उचलला आणि आपलं नाव घासायला लागलो. तिने तोही हातातून काढून घेतला. "घासू नका. रंग जाईल न जाईल, पण खडकाची कातडी नक्की जाईल. तारेचा ब्रश, आम्ल, काही चालत नाही. हे काम जाणकारांनी करायचं." म्हणजे लिहायला मला दहा मिनिटं लागली होती, आणि पुसायला माझं अख्खं आयुष्य अपुरं होतं. शिक्षा कायद्याने केली नाही, पण शिक्षा झाली. गड उतरेपर्यंत मला सगळे 'तेवीस' म्हणत होते, आणि जावयांना पहिल्यांदाच सासऱ्याची गंमत करायची संधी मिळाली होती. त्यांनी ती कुजबुजत, पण भरपूर घेतली.

उतरताना कुंडलिकेचं खोरं समोर होतं आणि डोक्यात नावांचा विचार. नाव मागे ठेवायची हौस वाईट नाही, जागा वाईट असते. एवढीच हौस असेल तर माणसाने रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांसारखं रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नर व्हावं आणि नोटेवर सही करावी. ती देशभर फिरते, आणि लोक तिची घडी घालून उशाखाली ठेवतात. ते जमणार नसेल तर आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा आहेत. १९५१पासून तेरा वर्षं देश पायी पालथा घातला. त्यांच्याइतकं चाललेला ट्रेकर अजून व्हायचा आहे. पण वाटेतल्या कुठल्या खडकावर 'विन्या, गागोदे, जि. कुलाबा' असं सापडत नाही. गावोगाव जमीन मागितली, आणि एका तुकड्यावरही स्वतःचं नाव लावलं नाही. आम्ही एक रविवार चढून जातो आणि लगेच सातबारा करून येतो.

शाळेत हजेरी लावली नाही तर छडी बसायची. ती सवय अंगात इतकी मुरली, की डोंगरावरही आम्ही 'हजर, गुरुजी' म्हणतच राहतो. कुणी ओरडून, कुणी फोटो काढून, कुणी पुडी टाकून, कुणी तांबड्या रंगात. डोंगराची शाळा मात्र उलटी आहे. तिथे पहिला नंबर गैरहजर मुलाचा. जो जाऊन आला आणि गेलाच नव्हता असं वाटलं, तो उत्तीर्ण. त्या हिशेबाने बाबा दर वर्षी वर्गात पहिले, आणि मी पंचेचाळीस वर्षं त्याच इयत्तेत.

पायथ्याला कचरा टाकायला जागा नव्हती, म्हणून तीन गोणपाट मिनीडोअरच्या टपावर चढले आणि रोह्याहून गाडीत आमच्या पायांशी आले. आमच्या समोर दोन कोळणी सुकटीच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. नागोठण्याला एकीने नाकाला पदर लावला. "काय वास मारतंय वो तुमचं!" सुकटीच्या पाटीने आपल्याला नाक मुरडावं, यापुढे अपमानाची पायरी नाही. मी सांगितलं, कचरा आहे, गडावरून आणलाय. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "इकत आणला का?" विचारताना तिच्या आवाजात खरीखुरी कणव होती.

सोमवारी सकाळी घंटागाडी आली. माणसाने सवयीने विचारलं, "ओला का सुका?"

"ऐतिहासिक," बायको ओट्यावरून म्हणाली.

त्याने तीनही गोणपाट उचलले, पाटीही घेतली, आणि जाताना मागे वळून मला विचारलं, "सर, काही राहिलं नाही ना?" मी नाही म्हणालो, पण अवचितगडावरच्या त्या कपारीची आठवण होऊन जीभ जरा अडखळलीच.

दुपारी ठाण्याची मंडळी निघाली. नेहमीप्रमाणे चार्जर, चष्मा, डबे अशी मोजदाद झाली. गाडी गेल्यावर मी अंगणात आलो. किल्ला होता तसाच होता. बुरुजांना बोट लागलेलं नव्हतं, अळीव बोटभर वाढले होते, मांजर पलीकडच्या पायरीवर शहाण्यासारखं बसलं होतं. महादरवाजापाशी आइस्क्रीमच्या काडीवर एक नवी पुठ्ठ्याची पाटी खोचलेली दिसली. चष्मा लावून वाचली. तांबड्या स्केचपेनने, सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं होतं,

'या गडावर कोणीही आपले नाव लिहू नये. हुकमावरून.'

आणि खाली, पूर्ण नाव, इयत्ता ४ थी अ, ह. क्र. १७, ठाणे.